फोनमधल्या आईची तब्येत

१

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. आठवीत शाळा सुटली. त्यानंतर मी जे काही लिहिलं ते दुकानातल्या चिठ्ठ्यांवर, म्हणजे ‘पारडं बदललं’, ‘काटा अडकत होता, साफ केला’ एवढंच. बोलून सांगितलं असतं, पण मी बोलताना अडखळतो. पहिलं अक्षर घशात अडकतं आणि समोरचा माणूस माझं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळा होतो, बहुतेक वेळा चुकीचं. म्हणून लिहितोय. वाचणाऱ्याने माझ्या चुका पोटात घालाव्यात. जे घडलं ते मात्र पोटात घालू नये.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. घरी आई आणि मी, दोघंच. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आईचा पलंग आणि कोपऱ्यात मोरी, मागच्या खोलीत ओटा, जेवायचं टेबल आणि माझी गादी. मधल्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागात खडबडीत काच आहे. पलीकडे माणूस आहे एवढं कळतं, चेहरा कळत नाही.

आई तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नाही. भाजीवाला जिन्यात खोकला तरी ओळखते. गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली आणि दर एकवीस दिवसांनी औषधाची बाटली चढवायला सुरुवात झाली. मधले वीस दिवस घरी. त्या वीस दिवसांसाठी दवाखान्याने आम्हाला एक फोन दिला, त्यात त्यांचं अ‍ॅप.

रोज सकाळी सातला तो फोन वाजायचा. ‘आज कसं वाटतंय?’ मग सहा प्रश्न. दुखणं किती, मळमळ किती, झोप, भूक, ताप, थकवा. शेवटी दोन वाक्यं बोलायची, आवाजावरून त्यांना म्हणे दम कळतो. उत्तरं भरली की पडदा हिरवा, पिवळा किंवा लाल. लाल झाला की वॉर्डात घंटा वाजते आणि खाट तयार ठेवतात.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी एक गोष्ट मला दोनदा सांगितली होती. “यांच्या रक्तातली लढणारी शक्ती औषधाने गेलेली असते. ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला, तर तासाभरात इथे आणायचं. झोपेल, उतरेल, सकाळी बघू, असलं काही करायचं नाही. एक तास.”

मी तो आकडा ओट्यावरच्या फरशीवर पेनाने लिहून ठेवला.

२

फोन देताना नोंदणीवाल्या बाईंनी सांगितलं होतं, की पहिल्या तीन दिवसांत फोनला आईची ओळख करून द्यायची. फोन खिशात ठेवून सहा मिनिटं चालायचं. मग एक उतारा वाचून दाखवायचा. “म्हणजे अ‍ॅपला तुमची आई कळेल. मग रोजच्या रोज किती सुधारणा होतेय ते तेच बघेल,” असं म्हणून बाई पुढच्या माणसाकडे वळल्या.

पहिल्या बाटलीनंतर आईला उठून बसवत नव्हतं. तिसरा दिवस उजाडला. फोन सारखा आठवण करत होता.

“तू चाल,” आई म्हणाली.

“म-मी?”

“मग कोण, शेजारीण? अरे, माझे आकडे वाईट आले तर म्हणतील बाई अशक्त आहे, पुढची बाटली लांबवू. मला लांबवायचं नाहीये. एकदाचं उरकायचंय. ठेव खिशात आणि चाल. कोण बघतंय?”

“आणि व-वाचायचं?”

“तेही तूच वाच. माझा आवाज बघ, फाटक्या पिशवीसारखा झालाय.”

मी फोन खिशात ठेवला आणि मागच्या खोलीत ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ओट्यापर्यंत सहा मिनिटं चाललो. डावा पाय घासत चालायची मला लहानपणापासून खोड आहे. पुढच्या खोलीतून आईचं नेहमीचं सुरू होतं, “पाय उचलून चाल! फरशी झिजेल!”

मग उतारा वाचला. आठ ओळी होत्या. मला चार मिनिटं लागली. प्रत्येक ओळीला अडकलो, घाम फुटला. संपल्यावर पडद्यावर अक्षरं आली. ‘आवाज नोंदवला. काळजी करू नका. आपण रोज थोडं थोडं सुधारू.’

आई पलंगावर पडल्या पडल्या हसत होती. “बघ, फोनसुद्धा तुला धीर देतोय.”

मीही हसलो. हे मी लिहितोय कारण चूक आमची होती, ती लपवायची नाही. पण आमची चूक एवढीच होती. पुढचं त्यांचं.

३

पहिली बाटली, दुसरी बाटली ठीक गेली. सकाळी मी आईला विचारून उत्तरं भरायचो. ती “आज तोंड कडू आहे” म्हणायची, मी मळमळ चार लिहायचो. शेवटची दोन वाक्यं कधी ती बोलायची, कधी मी. कामाला जाताना फोन मागच्या खोलीत फळीवर चार्जिंगला लावून जायचो, कारण त्याचा उजेड आईच्या डोळ्यांना सहन व्हायचा नाही.

तिसऱ्या बाटलीनंतर एका संध्याकाळी मी सहज आकडे बघत होतो. ‘आजची पावलं : १,१४०.’ खाली टाळ्या वाजवणारे दोन हात.

आई त्या दिवशी तीनदा उठली होती, मोरीपर्यंत. तेही भिंत धरून. आणि फोन दिवसभर फळीवर होता.

मी दुरुस्तीवाला माणूस आहे. भुतंखेतं माझ्या डोक्यात आधी येत नाहीत, बिघाड आधी येतो. रस्त्यावरून जड गाडी गेली की फळी हादरते, त्यातून फोन मोजत असेल, असं मी ठरवलं. फळीवर दुमडलेला टॉवेल घातला आणि त्यावर फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी २,३०६.

मग सकाळची उत्तरं. मी फोन हातात घ्यायच्या आधीच भरलेली दिसू लागली. दुखणं शून्य. मळमळ शून्य. झोप छान. आईला विचारलं, “तू भ-भरलंस?” ती म्हणाली, “मी? माझे हात बघ.” तिच्या बोटांच्या टोकांना औषधाने मुंग्या यायच्या, चमचाही निसटायचा.

मी उत्तरं खोडून खरी भरायचो. पडदा पिवळा व्हायचा. दात घासून परत येईपर्यंत हिरवा.

एका रविवारी मी आईच्या पलंगाशी बसून तिच्या पायांना तेल चोळत होतो. दुपारचे बारा वाजले असतील. ती डोळे मिटून पडली होती. मागच्या खोलीत आवाज येत होता. एक पाऊल नीट, एक घासत. ओट्यापासून खिडकीपर्यंत. थांबायचा, वळायचा. खिडकीपासून ओट्यापर्यंत.

खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतंय, असं मी मनाशी म्हणत होतो. खुर्ची इतक्या शिस्तीत कोण ओढेल, हेही मीच विचारत होतो.

आईने डोळे न उघडता दाराच्या दिशेने तोंड करून आवाज दिला, “पाय उचलून चाल रे!”

तिचा पाय माझ्या हातात होता.

“आई,” मी म्हणालो, “मी इ-इथे आहे.”

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “हो की. औषधाने डोकं चालेनासं झालंय.” आणि पुन्हा डोळे मिटले.

मागच्या खोलीतला आवाज थांबला होता. त्यानंतर जेव्हा आला, तेव्हा दोन्ही पावलं नीट उचललेली होती.

४

दुकानात उस्तादांना, म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांना, सांगितलं. ते मला मुक्या म्हणतात, पण माझं पूर्ण ऐकून घेणारा तो एकच माणूस आहे. मधे तोंड घालत नाहीत, डबी उघडून स्क्रू निवडत बसतात.

“पावलांचं राहू दे,” ते म्हणाले. “उत्तरांचं बघ. काटा खोटा आहे असा संशय आला की आपण काय करतो?”

“प-पक्कं वजन ठेवतो. आधीच मा-माहीत असलेलं.”

“ठेव मग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पक्कं वजन ठेवलं. म्हणजे मुद्दाम खोटं लिहिलं. दुखणं दहा. मळमळ दहा. ताप एकशे तीन. पाठवलं आणि नजर न हलवता बसलो. पडदा लाल झाला. मी मनात मोजत होतो. अकरापर्यंत आलो तेव्हा दहाचे आकडे खाली उतरू लागले. नऊ, सात, चार. काट्यावरून कुणी एक एक वजन उचलून घ्यावं तसे. शून्यावर थांबले. ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. पडदा हिरवा. खाली ‘आणखी काही सांगायचंय?’ या रकान्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. तिथे लिहिलेलं होतं : ‘मुलगा उगाच घाबरतो.’

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. पण तो पाच मिनिटंच टिकला. त्यानंतर जे आलं तो राग होता, आणि तो अजून गेलेला नाही.

मदतीच्या नंबरवर फोन केला. वॉर्डातली सिस्टर होती. मी कसंबसं सांगितलं की अ‍ॅपमधले आकडे आईचे नाहीत.

“मग कुणाचे आहेत?”

“मा-माहीत नाही.”

“अहो, पडदा हिरवा आहे ना? तुमच्या आई तर आमच्या सगळ्यात चांगल्या पेशंट आहेत. मागच्या मीटिंगमध्ये मोठ्या डॉक्टरांनी त्यांचा आलेख सगळ्यांना दाखवला.”

“तिला उ-उठवत नाही.”

“दोन हजार पावलं चालतायत आणि म्हणे उठवत नाही! घरच्यांना उगाच टेन्शन येतं. तुम्ही जरा आराम करा.”

तिने फोन ठेवला. पुढच्या खोलीत पलंगावर माझी आई एक घोट पाणी गिळायला तीनदा थांबत होती आणि कुठल्यातरी मीटिंगमध्ये तिचा आलेख भिंतीवर लावून लोक माना डोलवत होते. रक्त तपासायला तिला टॅक्सीत घालून नेलं तर तपासणीवाला म्हणाला, या आठवड्यात अ‍ॅपने तुमची तपासणी सांगितलेली नाही, पुढच्या वेळी या.

मी तिला घेऊन परत फिरलो. पहिलं अक्षर घशातच राहिलं. त्याचा आज मला सगळ्यात जास्त राग येतो.

५

चौथ्या बाटलीनंतर नवव्या दिवशी, सकाळी सातला, आईचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. काचेचा थर्मामीटर लावला. एकशे एक पॉइंट सहा.

मागच्या खोलीत जाऊन फोन पाहिला. हिरवा. मी आकडा भरला, तो उतरला. पुन्हा भरला, पुन्हा उतरला. माझ्या फोनवरून मदतीचा नंबर लावला.

“अ‍ॅप लाल झाल्याशिवाय मला खाट देता येत नाही,” सिस्टर म्हणाली. “नियम आहे. तुम्ही अ‍ॅपमधून कळवा.”

“अ‍ॅपच ख-खोटं बोलतंय.”

“काय?”

“ख-ख—”

“खोकला आहे का?”

“ख-खोटं!”

“साहेब, शांतपणे बोला. मी वरिष्ठांना विचारून फोन करते. घर सोडू नका. लाल नसताना इथे आणलंत तर बाहेरच्या रांगेत बसावं लागेल, तिथे शंभर जणांचा संसर्ग. आईंना तेच मारक आहे.”

हे ऐकून मी थांबलो. डॉक्टरांनी एक तास सांगितला होता आणि मी थांबलो, कारण सिस्टर शिकलेली होती आणि मी नव्हतो. आठ वाजले. नऊ वाजले. मी पुन्हा लावला, ‘आपण रांगेत आहात’. ओल्या कापडाने आईचं अंग पुसत होतो, कापड क्षणात कोमट व्हायचं. अकरा वाजले. आईचे दात वाजायला लागले. मी सगळी पांघरुणं घातली, माझी गादीसुद्धा आणून वर घातली. “माझ्यावर सगळं घर रचशील का?” ती म्हणाली. ते तिचं त्या दिवसाचं शेवटचं नीट वाक्य.

पावणेएकला फोन लागला. दुसरीच सिस्टर होती. “एक मिनिट थांबा हं, दुसऱ्या लाइनवर आहे,” म्हणाली आणि गाणं लावून गेली. मी पलंगाच्या कडेवर बसून फोन कानाला लावून ते गाणं ऐकत होतो. दुसरा हात आईच्या मनगटावर.

आणि मागच्या खोलीत कुणीतरी बोलत होतं.

“नाही सिस्टर, ताप अजिबात नाही. काल झोपही छान लागली. हो, हो, जेवल्या. तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून कळवलं.” मग हलकंसं हसणं. “नाही हो, खाटेची काय गरज? ज्याला खरंच हवी त्याला द्या.”

आवाज माझा होता. एकही अक्षर न अडकता.

मी मान वळवली. खडबडीत काचेमागे एक जण उभा होता. राखाडी कपडे. मान एका बाजूला कललेली, डावा हात मानेवर मागे. फोनवर बोलताना मी तसाच उभा राहतो. आता मी बसलेलो होतो, पण माझाही डावा हात... तो आईच्या मनगटावर होता. मी खाली बघून खात्री केली.

माझ्या कानातलं गाणं थांबलं. “हां, बोला,” सिस्टर म्हणाली. मी “आ-आईला ता-ताप” एवढं म्हटलं, तर ती म्हणाली, “अरे, हा तर तुमचाच आवाज. आत्ताच तर तुम्ही म्हणालात ना, सगळं ठीक आहे म्हणून?”

काचेमागच्याने मान सरळ केली. तो आता ऐकत होता. माझ्याकडे तोंड करून की पाठ करून, ते त्या काचेतून कळत नव्हतं.

दारापर्यंत चार पावलं होती. मला जायचं होतं. दार लाथेने उघडून तो जो कोण होता त्याच्या नरड्याला धरायचं होतं. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. पण माझ्या बोटांखाली आईची नाडी धावत होती, धावत होती आणि मधेच एखादा ठोका चुकवत होती. दोन हातांत एकच काम होणार होतं.

मी आईला पांघरुणासकट उचललं. ती किती हलकी झाली होती ते मला हातानेच कळलं. माझं काम तेच आहे. तीन मजले उतरलो, दार उघडं टाकून. वरून माझ्या आवाजात कुणीतरी प्रेमाने म्हणालं, “सावकाश जा.”

६

दवाखान्याच्या दारातल्या माणसाने विचारलं, “लाल आहे का?”

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शब्द नसावेतच, नुसता आवाज असेल. लांबच्या खिडक्यांतून लोक बाहेर डोकावले. एक तरुण डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी फोन मागितला नाही. आईच्या गळ्याला हात लावला आणि मागे वळून नुसतं “चला!” म्हणाल्या. दोन मिनिटांत आई आत होती.

संध्याकाळी त्या बाहेर आल्या. “आज रात्र महत्त्वाची. ताप कधीपासून होता?”

“स-सकाळी सात.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. मनात वजाबाकी करताना माणसाचे ओठ हलतात तसे त्यांचे हलले. “सहा तास,” त्या म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

रात्र गेली. सकाळी ताप उतरला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चिवट आहेत हं तुमच्या आई.” मी तिथेच जमिनीवर बसलो.

मग मी तळमजल्यावरच्या तक्रारीच्या खिडकीशी गेलो. तिथल्या साहेबांचा चष्मा कपाळावर होता. माझं अर्धं ऐकून त्यांनी तो डोळ्यांवर घेतला, संगणकात पाहिलं आणि आवाज मोठा करून नोंदी ऐकवल्या. सकाळी सात दहा. सात चाळीस. नऊ पाच. बारा सत्तेचाळीस. “आई बऱ्या आहेत.” “येण्याची गरज नाही.” “आम्ही समाधानी आहोत.”

“हा आवाज तुमचा आहे की नाही?”

साहेबांनी शेवटची नोंद पुन्हा लावली.

“हो की नाही सांगा.”

“आ-आवाज माझा आहे. बोललो म-मी नाही.”

रांगेतलं कुणीतरी हसलं. साहेबांनी एक छापील कागद पुढे केला. “घरच्या माणसाने चुकीची माहिती दिल्यामुळे उशीर झाला, असं आहे यात. सही करा. पोलिसांत द्यायचं आमच्या मनात नाही.”

मी कागद तसाच परत सरकवला. मी घाबरलो असं त्यांना वाटलं, कारण ते म्हणाले, “विचार करा, उद्या या.”

खरं सांगतो, जिना चढताना मी विचार केलाच. मीच बोललो असेन का? तापाच्या घाईत, थकव्यात, आपल्यालाच न कळता? सात चाळीसला मी कुठे होतो? कापड पिळत होतो. नऊ पाचला? कापड पिळत होतो. पण कापड पिळणारा माणूस बोलू शकतो. हाच विचार त्यांनी माझ्या डोक्यात पेरला होता आणि तो उगवत होता.

७

दुपारी आईला काचेच्या खोलीत भेटायला सोडलं. तोंडावर फडकं, हातात मोजे. तिला मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मधे एकदाही वाक्य पुरं करायला आली नाही.

मग म्हणाली, “तो रोज यायचा.”

“क-कोण?”

“तू कामाला गेलास की दुपारी. मागच्या खोलीतून बोलायचा माझ्याशी. पलंगापाशी कधी आला नाही. दाराआडूनच. आई पाणी पी, आई आता झोप, आई दुकानात आज असं झालं. मला आधी वाटलं तू जेवायला येतोस. किती छान बोलायला लागलाय पोरगा, म्हटलं. एक अक्षर अडकत नव्हतं. तुला विचारलं नाही, म्हटलं लाजशील आणि पुन्हा अडकायला लागशील.”

मला आठवलं, त्या दिवसांत संध्याकाळी घरी आलो की ती माझ्याकडे बघून काहीतरी गुपित असल्यासारखी हसायची.

“आई, तुला आ-आवाज कळतात. तीस वर्षं—”

“कळले ना.” तिने तोंड काचेकडे फिरवलं. “दुसऱ्या आठवड्यातच कळलं. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो. ऑपरेटरला शब्दाआधी श्वास ऐकू येतो. याला श्वासच नव्हता. शब्द सुरू व्हायचे ते एकदम.”

“मग स-सांगितलं का नाहीस?”

ती नळीतले थेंब बघत होती.

“बरं वाटायचं रे ऐकायला,” ती म्हणाली. “तू लहान होतास तेव्हापासून मला ते ऐकायचं होतं.”

दवाखान्याचा राग होता, फोनचा होता, माझा स्वतःचा होता, आणि आता त्यात तिचाही राग मिसळला, जो मला नको होता. मी मोज्यातला हात तिच्या हातावर ठेवला. तिने माझा अंगठा धरला.

“काल तो काय म्हणाला माहितीये?” ती हळूच म्हणाली. “तू अकराला मोरीत नळ सोडून पाणी भरत होतास तेव्हा. म्हणाला, आई, तू आता काही करू नकोस. तुझं सगळं मी बघतो. तू नसलीस तरी चालेल.”

तिची पकड घट्ट झाली.

“त्या खोलीत मला परत नेऊ नकोस. आणि तो कागद आहे ना खाली, त्यावर सही करू नकोस. तू बोल. कितीही वेळ लागू दे. मी वाट बघीन.”

८

रात्री बाकावर बसून मी एक अर्ज लिहिला. दीड पान झालं. अ‍ॅप बंद करावं, आईचे आकडे आईला विचारून घ्यावेत, आणि ते सहा तास कुणाचे ते लेखी द्यावं, एवढंच त्यात होतं.

आज सकाळी खिडकी उघडताच मी पहिला होतो. साहेब म्हणाले, “ठेवा, बघतो.” मी म्हणालो, “व-वाचून दाखवणार.” ते म्हणाले, “मागे रांग आहे.” मी वाचायला लागलो.

प्रत्येक ओळीला अडकलो. मागे आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी “अहो, आटपा” म्हणालं, मग एक म्हातारा म्हणाला, “वाचू द्या त्याला.” साहेब दोनदा माझं वाक्य पुरं करायला आले, दोन्ही वेळा मी हात वर केला आणि ते वाक्य पहिल्यापासून घेतलं. प्रत्येक शब्दाआधी मी श्वास घेत होतो, सगळ्यांना ऐकू जाईल असा. वीस मिनिटं लागली. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

संपल्यावर साहेबांनी संगणकाकडे पाहिलं. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला.

“पण,” ते म्हणाले, “ही तक्रार मागे घेत असल्याचं तुम्ही आत्ताच कळवलंय. चार मिनिटांपूर्वी. घरच्या त्या फोनवरून.”

रांगेत कुणी हसलं नाही. साहेबांच्या मागच्या स्पीकरमधून माझा आवाज सुरू झाला. मोकळा, नम्र, एकदम.

मी कागद सरळ केला, श्वास घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो.